जेवणाआधी

रविवारी दुपारी आई ओसरीत मुगाच्या शेंगा सोलत बसली होती आणि मी तिच्यासमोर आठवीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. पोत्यावर वाळलेल्या शेंगांचा काळा ढीग होता. श्रावणातलं ऊन अंगणात येत होतं, जात होतं. माझी भावजय प्रतिक्षा आत भाकरी थापत होती. धाकटा भाऊ शिवहार सोयाबीनवर फवारणी करायला गेला होता आणि आबा पारावर.

"उद्या सोमवार," आई म्हणाली.

"हं."

"तिसरा सोमवार. पार्वतीसंगं औंढ्याच्या नागनाथाला जाऊन यावं म्हणते."

"जा की."

"मग गोळीचं कसं करावं?"

मी पेपरवरून मान वर केली नाही. "गोळी चुकवायची नाही."

"त्ये माहीत हाय गं. उपासाला चालते का, त्ये इचारून राहिले."

"औषध चालतं उपासाला. आत्या बीपीची घेतेच की."

"तिला इचारलं. ती म्हणली, साबुदाण्यापरीस गोळी बरी, तिच्यात तेल तरी न्हाई."

मला हसू आलं. पार्वती आत्या, आबांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्या शेजारीच राहायची. उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही, याचा गावातला शेवटचा निकाल तिचा असे.

"पण डाक्टरनं जेवणाआधी म्हणलंय," आई म्हणाली. "आन् जेवणार तर मी संध्याकाळी, सोमवार सोडल्यावर."

"मग?"

"मग सकाळी घेतली तरी आधीच झाली की."

"बराबर आहे तुझं," मी म्हणाले. "तू वकील व्हायला पाहिजे होतीस."

"तुझ्या आबासंगं तीस वर्षं नांदल्यावर कुणीबी वकील व्हतं."

आतून प्रतिक्षा हसल्याचा आवाज आला. मी एका मुलाच्या निबंधात शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या आणि लाल शाईनं खाली लिहिलं, 'नीट वाचून लिहावे.'

चार वाजता आईनं मला एसटीपर्यंत सोडलं. हातात पिशवी दिली, दोडकी आणि सोललेले मूग. मी कळमनुरीला शाळेत मराठी शिकवते, तिथंच राहते. दोन गाड्या बदलाव्या लागतात. आई गाडी सुटेपर्यंत उभी राहिली नाही, कारण तिला दुसऱ्या दिवशीच्या पूजेचा बेल आणायचा होता.

त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे.

आईला शुगर निघाली ती जून महिन्यात. रानातल्या पऱ्हाटीचा, कापसाच्या तोडलेल्या काडीचा, खुंट तिच्या पायात घुसला होता आणि महिना झाला तरी जखम भरत नव्हती. बाजारच्या गावी डॉक्टरकडे घेऊन गेले ती मीच. बाजाराचा दिवस होता, बाहेर पन्नास-साठ माणसं बसलेली. आमचा नंबर तीन तासांनी आला. डॉक्टरांनी रक्ततपासणीचा कागद पाहिला.

"शुगर आहे. दोनशे शहाऐंशी. गोड बंद, भात बंद, बटाटा बंद. ही गोळी जेवणाआधी. चुकवायची नाही. पुढच्या महिन्यात दाखवा."

कंपाउंडरनं पुढचं नाव पुकारलंसुद्धा. आई उठली आणि परत बसली.

"डाक्टरसाहेब, माझ्या अंगात साखर आली कुठून? मी तर चहाबी गुळाचा पेते."

डॉक्टर हसले. कंपाउंडर हसला. मीही हसले, ओशाळून, शिकलेल्या मुली अडाणी आईच्या प्रश्नावर हसतात तशी.

"गुळानं पण वाढते, आजी," डॉक्टर म्हणाले.

आई एक्कावन्न वर्षांची होती. परत येताना काळी-पिवळी जीपमध्ये ती कागदाची घडी उलगडत होती, घालत होती. मला वाटलं, आजाराचं दडपण आलं असेल. मग म्हणाली, "आजी म्हणला मला त्यो."

आमच्या घरात कुणाला काही विचारायचं असलं की मला फोन येतो. पीकविम्याचा फॉर्म असो, खताच्या पोत्यावरचा मजकूर असो, नाहीतर आबांच्या मोतीबिंदूचा कागद. 'आपली शीला वाचते' हे वाक्य आबा ज्या अभिमानानं उच्चारतात, त्या अभिमानाची मला सवय झाली होती. मी त्या आठवड्यात मधुमेहावर सापडेल ते वाचलं. दोन पुस्तकं आणली, मोबाइलवर लेख वाचले, आणि एका मोठ्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं तक्ता केला. हिरव्या रंगात खायचं, लाल रंगात खायचं नाही. लाल रकाना लांब होता. साखर, गूळ, केळी, साबुदाणा, रताळी, बटाटा, भात, भगर. तक्ता स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या भिंतीला लावला. आई तिसरी शिकलेली. ती अक्षरं जुळवत लाल रकाना दोनदा वाचून काढायची, आरती म्हणावी तशी.

आणि तिनं तो पाळला. हे मला कुठंतरी लिहून ठेवायचं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. तिनं एकही गोष्ट मोडली नाही.

डॉक्टरांच्या पुस्तकात चालायला सांगितलेलं असतं. आमच्या गावात बाई बिनकामाची रस्त्यानं चालत नाही. पहिल्या दिवशी आई पहाटे डांबरी रस्त्यावर निघाली तर तातेराव, म्हणजे आमच्या शेजारच्या शेताचा मालक, फटफटी थांबवून म्हणाला, "वैनी, काहून निघाल्या? कुणी वारलं का?" दुसऱ्या दिवसापासून आई हातात विळा घेऊन चालायला लागली. विळा असला की कुणी विचारत नाही. ती विळा घेऊन औंढ्याच्या रस्त्यानं दोन किलोमीटर जायची आणि एकही काडी न कापता परत यायची.

हाच तातेराव संध्याकाळी येऊन उपाय सांगायचा. कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, कडुनिंबाची अकरा पानं. "माझ्या साडूची शुगर पार गेली, मुळासकट." आई कारल्याचा रसही प्यायली. तोंड वाकडं करून म्हणाली, "साखर जाईल का न्हाई म्हाईत न्हाई, तातेरावाचा राग मातर आला." जावळाच्या कार्यक्रमाला गेली तर वाढणारीनं सगळ्यांसमोर विचारलं, "यशोदाबाईला वाढू नका गं, त्येंना शुगर झाली ना?" पंगतीत माना वळल्या. आई पुढच्या कार्यक्रमाला गेली नाही. दुसऱ्यांच्या घरी चहाला नाही म्हणायला लागली, कारण तिच्यासाठी वेगळा बिनसाखरेचा ठेवायला लागतो आणि तो ठेवताना घरच्या बाईचं तोंड कसं होतं ते तिला दिसायचं.

जुलैत ती प्रतिक्षाला घेऊन पुन्हा डॉक्टरकडे गेली. शुगर दोनशेच्या जरा खाली आली होती. महिनाभर अर्धी भाकरी, बिनफोडणीची भाजी आणि पहाटेचा विळा. ती कागद हातात धरून शाबासकीची वाट बघत होती, असं प्रतिक्षानं मला नंतर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "एवढीच उतरली? चोरून गोड खाता का, आजी?"

आणि गोळी दुप्पट केली. एकाच्या दोन.

आई गाडीत रडली. मी फोनवर ते ऐकलं तेव्हा माझा संताप झाला. पण शाळेत पाहणीचे अधिकारी यायचे होते. मी म्हणाले, "जाऊ दे, गोळी नीट घे म्हणजे झालं."

सोमवारी पाचव्या तासाआधी, पावणेतीनला, मी शिक्षकांच्या खोलीत होते. प्रतिक्षाचा फोन आला.

"ताई, आई औंढ्याहून आल्या आन् बाजंवर पडल्या. घामानं लुगडं पार वल्लं झालंय. थरथरून राहिल्या. काहीबी बोलून राहिल्या, मला वळखंना गेल्या."

"गोळी घेतली का?"

"सकाळीच. दोन्हीबी घेतल्या."

"काही खाल्लं?"

"कायच न्हाई. सकाळी काळा चहा घेतला. साबुदाणा तर तक्त्यात लाल हाय ना, म्हणून मी केलाच न्हाई. औंढ्याला रांगच लई होती म्हणे, चार घंटे." मग तिनं आवाज खाली आणला. "ताई, त्या साखर मागून राहिल्या. चिमूटभर दे म्हणतेत. देऊ का?"

आमच्या घरात, आमच्या गावात, शुगर फक्त वाढते. डोकं दुखलं, शुगर वाढली. चक्कर आली, शुगर वाढली. ती उतरूही शकते, अंगातली सगळी साखर संपून माणूस विझू शकतं, यासाठी आमच्याकडे शब्दच नव्हता. मी वाचलेल्या दोन पुस्तकांपैकी एकात तो होता, एकशे बाराव्या पानावर, चौकटीत. मी ते पान वाचलं होतं. तो शब्द इंग्रजी होता आणि मी त्यावरून पुढे गेले होते, कारण माझी आई जास्त साखरेची रोगी होती, कमी साखरेची नव्हती.

"अजिबात नको," मी म्हणाले. "शुगर वाढली असणार. कितीही मागितली तरी देऊ नको. लिंबाचं पाणी दे, मीठ घालून. पडू दे तिला. आणि शिवहारला गाडी आणायला सांग."

"बरं, ताई."

फोन बंद व्हायच्या आधी मागून आईचा आवाज आला. "एवढीशी दे गं, माय." प्रतिक्षाला म्हणाली असेल. फोन माझ्याशी चालला आहे, हे तिला कळत होतं की नाही, ते आता कुणीच सांगू शकत नाही.

घंटा झाली आणि मी आठवी 'ब'च्या वर्गावर गेले. विशेषणं शिकवली.

तास संपल्यावर फोन केला. प्रतिक्षा म्हणाली, "आता बरं हाय, ताई. झोपल्यात. घोरून राहिल्या." मी म्हणाले, "झोपू दे." साडेचारला शिवहार जीप घेऊन आला, तेव्हा आई कुणाच्या हाकेनं उठेना. हिंगोलीला बोटातून रक्त काढून पाहिलं, लगेच सलाईन लावलं आणि तशीच नांदेडला पाठवलं. मी परस्पर नांदेडला पोचले.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिनं हिंगोलीची चिठ्ठी माझ्यासमोर धरली.

"अठ्ठावीस होती. हे वाचता येतंय ना तुम्हाला? अठ्ठावीस. नॉर्मल माणसाची सत्तरच्या वर असते. उपाशी पोटी दोन गोळ्या, वरून ऊन. आता आम्ही शुगर वर आणली आहे, पण मेंदू तीन तास उपाशी होता." तिनं चिठ्ठी फाईलला लावली. मग जरा चढ्या आवाजात म्हणाली, "घरी कुणी चमचाभर साखर दिली नाही का? पाण्यात कालवून? नुसती गालाला आतून चोळली असती तरी..."

"घरी कुणाला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

मी मराठी शिकवते. कर्ता गाळून वाक्य कसं करावं, ते मला चांगलं येतं.

आई गुरुवारी सकाळी गेली. डोळे उघडलेच नाहीत.

शुक्रवारपासून माणसं यायला लागली. दारात चपला मावेनात. नात्यातल्या घरांनी कडू घासाचं, सुतकातलं भाकरी-पिठलं आणलं, ते कुणी खाल्लं, कुणी टाकलं. आणि माणसं बसली की बोलतात. दुसऱ्याच दिवशी मी ओसरीतून ऐकलं.

"शुगर लई वाईट. तोंड बांधून ठिवावं लागतंय."

"औंढ्याला काय, पेढ्याची दुकानं पावलापावलाला."

"परसाद म्हणून एक खाल्ला असंल. एकाचे चार व्हायला काय लागतंय."

तिसऱ्या दिवसापर्यंत ते ठरूनच गेलं. यशोदाबाईनं औंढ्याला पेढे खाल्ले, शुगर वाढली आणि गेली. डॉक्टर तर म्हणतच होते, चोरून खाते म्हणून. ही गोष्ट कुणी कुणाला सांगितली होती कोण जाणे, पण ती गावभर झाली होती. ज्या बाईनं दोन महिने भावाच्या घरचा शिरासुद्धा बोटानं चाखला नाही, तिला लोकांनी मेल्यावर हावरट केलं. आणि दुःख करायला आलेली माणसं ती, त्यांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं.

सुतक म्हणून देवघराचा पडदा ओढायला मी गेले तर नागनाथाच्या तसबिरीपुढं कागदात एक पेढा होता. मुंग्या लागलेल्या. तिनं तो प्रसाद आणून ठेवला होता, दुसऱ्यांसाठी. तो तिनं खाल्ला असता तर ती आज जिवंत असती. मी कागदासकट उचलून बाहेर आणला, दाखवायला. ओसरीत दहा बायका होत्या. दाखवला असता तर पुढचा प्रश्न आला असता. मग कशानं गेली? मी कागद मुठीत चुरगाळला आणि परसात नेऊन टाकला.

मग ते प्रतिक्षावर आलं. ते यायचंच होतं. "सून काय करून राहिली होती?" "सासू थरथरून राहिली आन् हिनं झोपू दिलं म्हणे." आत्या तर तिच्या तोंडावर म्हणाली, "तुझ्या हातची सासू गेली, बाई. आता राज्य तुझंच." प्रतिक्षा चोवीस वर्षांची आहे. ती दिवसभर भांडी घासत होती आणि कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. एकदा मोरीपाशी आम्ही दोघीच होतो. ती राखेचा हात तसाच धरून म्हणाली, "ताई, मी तुमाला इचारलं होतं ना? फोनवर? का मला उगंच वाटून राहिलं?"

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. ती खरोखर विचारत होती. एवढे लोक एवढे दिवस बोलले की माणसाला आपल्याच आठवणीचा भरवसा राहत नाही.

"विचारलं होतंस," मी म्हणाले. आणि घागर उचलून आत गेले.

नवव्या दिवशी मी डॉक्टरकडे गेले. फाईल बरोबर होती. रात्रंदिवस मनात वाक्यं जुळवली होती. त्या दिवशी बाजार नव्हता, दवाखान्यात फक्त तीन माणसं होती.

मी सगळं सांगितलं. दुप्पट गोळी, सोमवार, अठ्ठावीस.

"अरेरे," ते म्हणाले. खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. "पण मी तर लिहून दिलं होतं." फाईल ओढून त्यांनी गोळीच्या नावापुढं बोट ठेवलं. तिथं तीन इंग्रजी अक्षरं होती, एकात एक गुंतलेली. "हे बघा. ब्रेकफास्टच्या आधी. म्हणजे अर्ध्या तासात नाश्ता पाहिजेच."

"आमच्या घरात ब्रेकफास्ट होत नाही, डॉक्टर. तुम्ही तोंडानं जेवणाआधी म्हणाला होता. आमच्याकडच्या बायका सकाळी चहा घेतात आणि रानात जातात. जेवण अकराला. सोमवारी संध्याकाळी. श्रावणात तुमच्याकडे येणारी प्रत्येक दुसरी बाई उपास करते. तुम्ही एकीला तरी विचारता का?"

"त्यांनी सांगायला पाहिजे."

"त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही हसला होता."

"मॅडम, साठ पेशंट असतात." ते आता चिडले होते. "आणि तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही बरोबर होता. तुम्ही वाचायचं ना? बरं, ते सोडा. पेशंटला घाम आला, हात थरथरले, की साखर द्यायची, हे आता सगळ्यांना माहीत असतं. पेशंट स्वतः मागतो. त्यांनी मागितली नाही का?"

मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. काचेखाली औषध कंपनीचं कॅलेंडर होतं.

"मागितली होती," मी म्हणाले.

"मग? दिली का नाही कुणी?"

मी फाईल उचलली आणि बाहेर आले. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. त्याला माझ्या आईला दोन मिनिटं देता आली असती. पण त्याच्यासमोर जे तोंडात होतं ते गिळून मी परत आले, आणि काळी-पिवळीत बसल्यावर मला कळलं की मी भांडायला गेलेच नव्हते. दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर हे सगळं लिहून मिळावं म्हणून गेले होते.

तेराव्या दिवशी गोडजेवण. दुखवटा संपतो, घरच्यांचं तोंड गोड करतात, माणसं आपापल्या वाटेला लागतात. अंगणात मांडव घातला होता. आचाऱ्यानं बुंदी पाडली होती, कढईतून सकाळपासून पाकाचा वास येत होता. पुरुषांची पंगत मांडवात बसली, बायका ओसरीत दाटीनं. आबा खांबाला टेकून बसले होते. तेरा दिवसांत त्यांची मान बारीक झाली होती.

पार्वती आत्या हातात बुंदीची वाटी घेऊन उभी राहिली. आधी भावाच्या तोंडात, मग शिवहारच्या, मग माझ्या घालायची. त्याआधी तिनं पदर डोळ्याला लावला.

"माझी भावजय सोन्यासारखी होती," ती म्हणाली, मांडवाला ऐकू जाईल अशी. "पर जिभंनं घात केला बाईचा. मी रांगंत तिच्या म्होरं होते, मला मागचं काय दिसून राहिलं? न्हाईतर हातातला पेढा हिसकून घेतला असता."

"मी कारल्याचा रस सांगितला होता," पंगतीतून तातेराव म्हणाला. "तीन महिने घेतला असता तर पेढ्यानंबी काय झालं नसतं."

कुणीतरी हुं केलं. आत्याला जोर आला. "आन् घरात ध्यान ठिवणारं कोणी पायजे ना. साखरंचा डबा कुणाच्या हाती असतोय? सुनंच्या. इचारा तिला, काय दिलं आन् काय न्हाई."

प्रतिक्षा पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली. शिवहारनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. मला ते दिसलं. माझा भाऊसुद्धा आता तिच्याकडे तसं बघत होता.

आबांनी मान वर केली. "जाऊ दे, आक्का," ते म्हणाले. "हावरट न्हवती ती. पर माणसाची जीभ हाय. झाला असंल मोह. माफ करा तिला."

माफ करा. तीस वर्षं जिनं त्यांच्या ताटात आधी वाढलं आणि उरलं ते खाल्लं, तिच्यासाठी ते गावाकडे माफी मागत होते, न खाल्लेल्या पेढ्याबद्दल.

आत्यानं बुंदीची वाटी आबांच्या तोंडाजवळ नेली.

"आत्या, थांब," मी म्हणाले.

माझा आवाज वर्गात असतो तसा आला असावा, कारण मांडवातली माणसंही थांबली. आत्याचा हात तसाच राहिला.

"काय गं?"

"आबा, आईनं पेढा खाल्ला नाही. तो तिनं देवापुढं ठेवला होता. मुंग्या लागलेला मी बघितला आणि मी टाकला. तिनं दोन महिन्यांत साखरेचा एक कण चोरून खाल्ला नाही."

"मग शुगर काहून वाढली?" तातेराव म्हणाला.

"वाढली नव्हती. उतरली होती. दिवसभर उपाशी, आणि उपाशी पोटी दोन गोळ्या. अंगात साखरच राहिली नव्हती तिच्या. ती साखर मागत होती, आणि एक चमचा मिळाली असती तर वाचली असती. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं."

शिवहार उठून उभा राहिला. "मंग दिली काहून न्हाई?" त्यानं प्रतिक्षाकडे हात केला. "हिनं दिली काहून न्हाई?"

"ती देत होती. देऊ का म्हणून तिनं मला फोन केला. मी शाळेत होते. मी म्हणाले, देऊ नको. आई मागं ओरडत होती, एवढीशी दे म्हणून, मला ऐकू आलं. आणि मी सांगितलं, कितीही मागितली तरी देऊ नको. प्रतिक्षानं नाही, डॉक्टरांनी नाही. आईला साखर मी देऊ दिली नाही, आबा. मी."